चार सुताचे चार वायसर

कुंभिवली, ३ फेब्रुवारी २०२५

मामंजी, नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि साईनाथकडे तोंडी निरोप दिला तर तो त्यात स्वतःचं घालतो, म्हणून लिहिते आहे. त्याचा टेंपो सोमवारी सिमेंट घेऊन पोशीरला येतो. उत्तर त्याच्याकडेच द्या.

मी नटबोल्टांचं दुकान पुन्हा उघडलं. जितेशला जाऊन आज अडतीस दिवस झाले. भाऊ म्हणतो, गाळा देऊन टाक आणि माहेरी ये. मी दसऱ्यापर्यंत थांब म्हटलं आहे. तोवर हे सामान विकता आलं नाही तर देईन.

काहीच येत नाही मला. काल एक जण चार सुताचा वायसर मागत होता. मी एकेक खण काढून त्याच्यापुढे ठेवत गेले. तो म्हणाला, "वैनी, ह्यो नाय. ह्यो बी नाय. तुमी शोधा, तवर मी चाय पिऊन येतो." तो आला नाही.

तुम्ही पॉवरहाऊसला बत्तीस वर्षं फिटर होता. मला शिकवा. पत्रातून जमेल तेवढं.

दवाखान्यातून जितेशच्या कपड्यांची पिशवी दिली होती, ती परवा उघडली. शर्टाच्या खिशात एक पेन होतं आणि दोऱ्यात ओवलेल्या चार लोखंडी कड्या. कसल्या ते कळलं नाही. तशाच ठेवल्या आहेत.

पोशीरच्या भातगिरणीत मोटर बसवायचं काम तर त्याने चोवीस डिसेंबरलाच संपवलं होतं. सत्तावीसला त्याला कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी न सांगता गेला. का गेला, हे मला कळत नाही. आणखी एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे, पण ती विचारण्याइतकं मला अजून काही येत नाही.

हर्षला


पोशीर, १० फेब्रुवारी २०२५

चि. हर्षला,

अनेक आशीर्वाद. वर सवयीने 'चि. सौ.' लिहून गेलो. मग खोडलं. ते दिसेल तुला. कागद बदलणार होतो, पण तोवर नमुने शिवून झाले होते.

खाली पाच वायसर सुईदोऱ्याने शिवले आहेत. काढू नकोस. कागद खणात ठेव, गिऱ्हाईक आलं की जुळवून बघ.

पहिला साधा. नटाखाली बसतो. नट लहान जागेवर दाबतो, वायसर तो दाब पसरवतो. दुसरा तसाच, पण भोक तेवढंच आणि घेर मोठा. तो लाकडासाठी. लाकूड मऊ असतं, लहान वायसर त्यात रुततो. तिसरा पितळी, पाण्याच्या जागी. चौथा रबरी, नळाचा. पाचवा डांबरी, पत्र्याचा.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. हे माप भोकाचं नाही, त्यातून जाणाऱ्या बोल्टाचं. त्यामुळे भोक किंचित मोठंच असतं. पट्टी लावून बघशील आणि घाबरशील, म्हणून आधीच सांगतो.

गिऱ्हाईक वायसर मागतं तेव्हा त्याला वायसर दाखवायचा नाही. विचारायचं, कुठे बसवणार? लाकूड, पत्रा, लोखंड की पाणी? उत्तर त्यातच असतं.

तू माहेरी गेलीस तरी माझी हरकत नाही. राहिलीस तर कागद आणि दोरा दोन्ही भरपूर आहे.

भिवाजी


कुंभिवली, ३ मार्च २०२५

मामंजी,

तुमचा कागद आता सगळ्यांना माहीत झाला आहे. खालापूरचा पोल्ट्रीवाला येऊन म्हणाला, "वैनी, ते कापडाचं दुकान दाखवा." मी त्याला विचारलं, कुठे बसवणार? तर म्हणाला, "डोक्यावर." मग मी पत्र्याचा काढला. तो दोनशे घेऊन गेला.

चूकही झाली. एकाने लाकडी फाटकासाठी बोल्ट नेले, त्याला मी साधा वायसर दिला. आठ दिवसांनी बोल्ट हातात घेऊन आला. फळीत गोल खड्डा पडला होता. मी माफी मागितली आणि मोठ्या घेराचे दिले. तुम्ही लिहिलं होतं तेच घडलं. वाचलेलं होतं, पण खड्डा बघेपर्यंत कळलेलं नव्हतं.

पत्र्याच्या बोल्टाला आधी डांबरी की आधी लोखंडी? आणि तो मधे चिरलेला, स्प्रिंगचा, तुम्ही शिवला नाहीत. तो रोज चार जण मागतात.

भावाने गाळा बघायला माणूस पाठवला होता. तो मोबाइलचं दुकान टाकणार म्हणतो. मी त्याला दसरा सांगितला.

हर्षला


पोशीर, १७ मार्च २०२५

चि. हर्षला,

पत्र्याला लागून डांबरी, त्यावर लोखंडी, त्यावर नट. लोखंडीचा फुगीर भाग वर, म्हणजे पाणी साठत नाही. आवळायला सांगशील तेव्हा हेही सांग की डांबरी कडेने जरा बाहेर डोकावला की थांबायचं. पुढे आवळला तर सिमेंटचा पत्रा तडकतो. जोर असलेली माणसं इथेच चुकतात.

गिरणी अजून बंद आहे. गिरणीवाला चांगो माझ्याकडे आला होता. मला ऐकू येत नाही हे तो विसरतो आणि ओरडतो. ओरडून त्याचेच डोळे भरतात. मी घरात निघून गेलो.

फाटकवाला परत आला आणि तू बदलून दिलंस, हे चांगलं केलंस. जितेशही असंच करायचा.

ऊन वाढलं आहे. कानात यंत्र घालावं म्हणून डॉक्टर सांगतात. घातलं की डोक्यात पॉवरहाऊस चालू होतं. काढून ठेवलं.

भिवाजी


कुंभिवली, २१ एप्रिल २०२५

मामंजी,

स्प्रिंगचं पुन्हा राहिलं. तुम्ही विसरत नाही, म्हणून विचारते.

मी पुडी फोडून बघितला. पूर्ण कडी नाही, एका जागी कापलेली आहे. एक टोक वर, एक खाली. बोटांत धरून दाबला तर परत ढकलतो. साधा असं करत नाही. पिठाच्या गिरणीवाले, पंपवाले, टेंपोवाले हाच मागतात. म्हणजे जिथे हलतं तिथे हा लागतो, असं मी धरलं आहे. बरोबर का?

जितेशच्या खिशातल्या कड्याही ह्याच निघाल्या. गिरणीच्या कामातल्या उरलेल्या असतील.

हर्षला


पोशीर, ९ जून २०२५

चि. हर्षला,

उशीर झाला. आधी भाताच्या रोपासाठी राब भाजण्यात दिवस गेले, मग डोळ्याला पाणी येत होतं.

सोबत एक नट पाठवतो आहे. आतल्या कडेला निळी नायलॉनची कडी दिसते. हा हादऱ्याने सैल होत नाही. हाताने फिरवून घट्ट झाला नाही म्हणून गिऱ्हाईक परत आणतं. त्याला सांगायचं, पाना लाव.

स्प्रिंगचा कंपनीच्या पुडीतला विकावा. माप पुडीवर छापलेलं असतं. त्यात शिकण्यासारखं काही नाही.

भिवाजी


कुंभिवली, ३० जून २०२५

मामंजी,

आता मला विचारण्याइतकं येतं.

चोवीस डिसेंबरला दुपारी जितेशचा गिरणीतून फोन आला. म्हणाला, "अगं, मोटरीचे वायसर घरीच राहिले. चार सुताचे चार स्प्रिंगचे साईनाथकडं दे. तो आत्ता निघतोय." मला वायसर म्हणजे काय तेवढंच माहीत होतं. साईनाथ रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. मी खणाकडे गेले नाही. तुमचा डबा काढला.

दर खंडेनवमीला तुम्ही येता. पाटावर पाने-पकडी मांडता आणि मधोमध तो पत्र्याचा डबा. झाकण उघडून आतल्या वायसरांना हळद-कुंकू वाहता, झेंडूचं फूल ठेवता. जितेश डोकं टेकवायचा, मीही टेकवायचे. पॉवरहाऊसमधले आहेत, एवढंच मला कळायचं. एवढे जपलेले, तेलात ठेवलेले, म्हणजे दुकानात त्याहून चांगले नसणार असं मला वाटलं. आपल्या गावची गिरणी होती. मोटर तुमच्या डोळ्यांसमोर बसणार होती. चांगले द्यावेत म्हणून त्यातले चार निवडले. तेल पुसलं. कुंकू राहिलं होतं एकावर, ते मी पुसलं नाही.

तीन दिवसांनी मोटर सरकली आणि पट्टा सुटून त्याच्या डोक्याला लागला. मोटर का सरकली ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मग मला सांगावं लागलं असतं की वायसर मी दिले होते.

माप बरोबर होतं. डब्यात उरलेले मी आता पट्टी लावून मोजले, चार सुताचेच आहेत. मग चुकलं काय?

खाली दोन शिवते आहे. डावा पुडीतला, उजवा तुमच्या डब्यातला. डाव्याची टोकं एकमेकांपासून दूर आहेत. उजव्याची एका पातळीत आली आहेत, आणि दाबला तर तो ढकलत नाही. फरक मला दिसतो. त्याचा अर्थ तुमच्याकडून हवा आहे.

हर्षला


पोशीर, १४ जुलै २०२५

चि. हर्षला,

पॉवरहाऊसला नियम होता. स्प्रिंगचा वायसर एकदाच लावायचा. नट आवळला की तो दबतो आणि दबलेला राहून नटाला खालून रेटत असतो. तेच त्याचं काम. नट सोडला की तो काढायचा आणि बादलीत टाकायचा. बादली भंगारात. काही दिवसांनी त्याच्यातला रेटा जातो. मग दिसतो वायसर, पण असून नसल्यासारखा.

मला ते टाकवायचे नाहीत. तेल पुसलं की नव्यासारखे दिसायचे. चार-दोन खिशातून घरी आणायचो. बत्तीस वर्षांत डबा भरला. कुठे लावायला नव्हतेच ते. मी एकही कधी लावला नाही. नोकरी संपली तेव्हा तिथून घरी आलेलं दुसरं काही नव्हतं. म्हणून पाटावर ठेवायला लागलो. तो डबा म्हणजे माझी नोकरी होती.

जितेशला लहानपणीच सांगितलं होतं, यातला लावायचा नाही, नुसते हात जोडायचे. तुला कोणी सांगितलं नाही. तुला सांगायला हवं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला ते माहीतच होतं, म्हणून.

तू चूक निवडलं नाहीस. आम्ही ज्याच्यापुढे डोकं टेकवत होतो तेच तू निवडलंस.

आता पुढचं लिहितो. ते लिहायचं नव्हतं.

चोवीस तारखेला मी गिरणीत होतो. त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेलो होतो. बाहेर पंधरा-वीस जण पोती घेऊन बसले होते आणि चांगो घाई करत होता. साईनाथने पुडी दिली. जितेशने त्यातला एक काढला, उजेडाकडे धरला, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं.

मला ऐकू आलं नाही. माझी सवय तुला माहीत आहे. ऐकू आलं नाही की मी मान हलवतो. पुन्हा विचारायला लावणं नको वाटतं. मी मान हलवली. त्याने वायसर बोल्टात घातला.

त्याने काय विचारलं ते मला आजही ठाऊक नाही. रोज त्याचे ओठ आठवतो. त्यातून शब्द होत नाहीत.

सत्तावीसला तो आला तेव्हा मोटर चालू होती. चांगोने हाताने थांब म्हटलं, एवढी पोती होऊ दे. तो मोटरीपाशी उभा राहिला. मी समोर ओट्यावर होतो. त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला होता. मला वाटलं, फोन असेल. मग पट्टा सुटला.

त्याला घेऊन गेल्यावर मी खाली बसून वायसर गोळा केले. तीन सापडले. एकावर कुंकू होतं. कुठून आले ते तेव्हाच कळलं. त्यानेच डब्यातून मागवले असतील, असं धरून चाललो. तुला स्प्रिंगच्या वायसरचा धडा दिला असता तर तू डबा उघडून बघितला असतास. म्हणून टाळत गेलो. तुला वाचवत नव्हतो. स्वतःला वाचवत होतो.

आता तू माहेरी गेलीस तर बरोबरच करशील.

भिवाजी


पोशीर, ११ ऑगस्ट २०२५

चि. हर्षला,

चार सोमवार साईनाथ रिकाम्या हाताने आला. मी त्याला विचारलं, दुकान उघडं आहे का? त्याने मान हलवली. तेवढं पुरे.

उत्तर मागत नाही.

भिवाजी


पोशीर, २२ सप्टेंबर २०२५

चि. हर्षला,

भाताला लोंब्या आल्या आहेत. महिन्याभरात कापणी. गावाला गिरणी लागेल. चांगो पुन्हा आला होता. या वेळी ओरडला नाही. मला हाताला धरून गिरणीत नेलं आणि मोटरीवरच्या धुळीत बोटाने लिहिलं, 'तुमी बसवा. नायतर मी भंगारात देतो.'

मी पाना घेऊन गेलो आणि मोटर उतरवली. पाया साफ केला, बोल्टांचे आटे बघितले. चांगले आहेत. नट नवे घेतले. साधे वायसर माझ्याकडे आहेत.

हे सामान नेरळला मिळतं. तरी तुझ्याकडे मागतो.

चार सुताचे चार स्प्रिंगचे वायसर.

भिवाजी


कुंभिवली, १ ऑक्टोबर २०२५

मामंजी,

आज खंडेनवमी. या वर्षी आपल्याला सण नाही. पाट मांडलेला नाही. पाने मात्र तेल लावून पुसले, गंजतील म्हणून. आज बुधवार, साईनाथची तुमच्याकडे फेरी नाही. त्याला मुद्दाम पाठवते आहे. म्हणाला, "वैनी, चार वायसर द्यायला टेंपो?" मी पुडी त्याच्या हातात दिली. आता टेंपोत बसून या पत्राची वाट बघतो आहे.

अडीच महिने तुम्हाला लिहिता आलं नाही. तुमचा राग होता. तुमच्या मानेचा. मग आठवलं की तुम्ही मान हलवली की आम्ही सगळेच पुढचं बोलायला लागायचो. जितेश, मी, सगळे. ऐकू आलं का, हे कोणीच विचारत नव्हतं. सोयीचं होतं ते.

आणखी एक आठवलं. चोवीस तारखेला तो घरी आला, जेवला. मग म्हणाला, "बाबांचा डबा जागेवर ठेवलास ना?" मी हो म्हटलं. तो बरं म्हणाला. एवढंच. मला वाटलं, पूजेचा डबा, म्हणून विचारतोय.

तुमचं पत्र वाचल्यावर मी त्याच्या खिशातल्या कड्या काढल्या. दोरा न सोडता एकेक दाबून बघितली. चारही ढकलतात. उरलेल्या नाहीत त्या. खणात चार सुताची एक आधीच फोडलेली पुडी होती, ती मोजली, त्यात चार कमी आहेत. मी त्यातून एकही विकलेला नव्हता, तुम्हाला शिवून पाठवला तो दुसऱ्या पुडीतला.

मामंजी, त्याने ओळखलं होतं. उजेडाकडे धरला तेव्हाच ओळखलं असणार. बाहेर पोती होती म्हणून त्या दिवशी भागवलं. घरी येऊन डबा विचारला, तेव्हा मी कुठून दिले तेही त्याला कळलं. मला म्हणाला नाही. मला वाईट वाटलं असतं. म्हणून सत्तावीसला न सांगता गेला, बदलायला. तो का गेला ते मला आता कळलं आहे. त्याने तुम्हाला काय विचारलं ते मलाही सांगता येणार नाही. पण तुम्ही मान हलवली म्हणून तो फसला नाही. एक शब्द मला बोलला असता तर मी रडले असते, दुसरं काय झालं असतं? मग नवे घेऊन आम्ही दोघं त्याच दिवशी गेलो असतो.

गाळा मी देत नाही. भावाला कळवलं आहे. तुमचा डबा इथेच आहे. काय करायचं ते तुम्ही येऊन ठरवा. पोशीरला मला अजून येववणार नाही, तुम्ही या. इथे ऐकू आलं नाही तर मान हलवू नका. लिहायला पाटी आणून ठेवली आहे.

तुम्ही मागितलेले चार सोबत आहेत. कंपनीच्या पुडीतले नाहीत, जितेशच्या खिशातले आहेत. माप बरोबर आहे, मी दोनदा बघितलं. मोटर चालू केल्यावर पायाला तळहात लावून बघा. आवाज तुम्हाला येणार नाही, पण हलते की नाही ते हाताला कळेल.

दोरा त्याने बांधलेला आहे. गाठ सोडायची, कापायची नाही. तो तेवढा साईनाथकडे परत द्या.

हर्षला